पॅकेट पकडायचं कुठं? विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीकडं वेगळंच दिसतंय

दूधवाला_कोडर (सोम, रात्री ९:१०)

मंडळी, राम राम. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा आतेभाऊ, आम्ही दोघं कोल्हापूरकडं गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. केंद्रावर वजनकाटा आणि फॅट मशीन असतं. दोन्हीच्या सिरियल केबली एका छोट्या डब्यात जातात आणि तो डबा आकडे इथरनेटवरून पीसीकडं पाठवतो. टीसीपी, पोर्ट ५०००. पीसीवर आमचे दोन तुकडे. एक सर्व्हिस डब्याकडून आकडे घेते. दुसरा पडद्यावरचा प्रोग्राम, तो त्या सर्व्हिसशी १२७.०.०.१ वरून (लूपबॅक, म्हणजे पीसीचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) बोलतो.

आता दुखणं. एका केंद्रावर आठवड्यातून एक-दोनदा सकाळच्या पाळीला पहिल्या दहा-पंधरा सभासदांचं फॅट येतच नाही. नंतर आपोआप सुरळीत. सचिव मशीनवरचा आकडा बघून हातानं लिहितात, मग "माझ्या म्हशीला सात लागतं, साडेसहा कसं लिहिलं" म्हणून भांडण, आणि ते भांडण माझ्या फोनवर.

डबा पाठवत नाही, की सर्व्हिस घेत नाही, की पडद्यापर्यंत पोचत नाही, हे कळावं म्हणून लिबपीकॅप (नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं पकडून देणारी लायब्ररी) वापरून सी-मध्ये दोनशे ओळींचं टूल लिहिलं. पोर्ट ५००० ची पॅकेटं पकडायची, आतला मजकूर काढायचा, वेळेसकट फाइलीत लिहायचा. ऑफिसच्या उबुंटूवर झकास चाललं. मग:

– त्याच उबुंटूवर 'एनी' इंटरफेस (सगळी कार्डं एकदम) दिला तर मजकुराच्या जागी कचरा.
– माझ्या मॅकवर लूपबॅक पकडलं तर वेगळा कचरा.
– केंद्रावरच्या विंडोज १० वर कंपाइल होऊन चाललं, पण इंटरफेसची नावं मारुतीच्या शेपटीएवढी, आणि लूपबॅक तर यादीतच नाही.

एकच कोड तिन्हीकडं चालवायची काही शहाणी पद्धत आहे, का तीन वेगळे प्रोग्राम लिहायचे?

पाकीटमार (सोम, ९:२२)

शीर्षक वाचून मला कुणीतरी नावानं हाक मारली असं वाटलं. आमच्या धंद्यात एकच नियम: गर्दीची जागा बघून उभं राहायचं.

नाना_सॅनहोजे (सोम, ९:५८)

पाकीटमार गमतीत बोलले, पण उत्तर तेच आहे. कुठं उभं राहून पकडताय त्यावर काय दिसणार ते ठरतं.

दूधवाले, तुमच्या कोडमध्ये कुठंतरी "१४ बाइट सोडा आणि आयपी हेडर वाचा" असं लिहिलेलं असणार. पैज. ते १४ म्हणजे इथरनेटचं हेडर. ते सगळीकडं नसतं. लिनक्सवर साध्या कार्डावर आणि 'लो'वरही १४ असतं ('लो' म्हणजे लिनक्सचं लूपबॅक, त्यावर कार्डाचे पत्ते शून्य, पण जागा तेवढीच). 'एनी'वर मात्र वेगवेगळ्या जातीची कार्डं एकत्र येतात, म्हणून लिबपीकॅप खरं हेडर काढून स्वतःचं एक बनावट हेडर लावतं, 'लिनक्स कुक्ड' म्हणतात त्याला, ते १६ बाइटचं. त्याची दुसरी आवृत्ती २० बाइटची. गंमत म्हणजे नवं टीसीपीडंप (पॅकेटं पकडायचं तयार टूल) 'एनी'वर २० वालं मागून घेतं आणि तुम्ही स्वतः लायब्ररी वापरलीत तर न मागता १६ वालंच मिळतं. म्हणजे एकाच मशीनवर दोन टूलांच्या दोन फाइली वेगळ्या.

मॅकच्या लूपबॅकवर इथरनेट हेडरच नाही. फक्त ४ बाइट, आणि त्यात आयपीची आवृत्ती सांगणारा आकडा, तोही त्या मशीनच्या बाइटक्रमात. आयपीव्ही४ ला २. आयपीव्ही६ ला मॅकवर ३०, फ्रीबीएसडीवर २८, ओपनबीएसडीवर २४. हे असं का ते विचारू नका, घराघरात चहात साखर वेगळी असते तसं.

उपाय सोपा आहे. हँडल उघडल्यावर लिबपीकॅपला 'डेटालिंक' विचारा. तो जो प्रकार सांगेल त्याप्रमाणे किती बाइट सोडायचे ते ठरवा. आणि प्रकार ओळखीचा नसेल तर अंदाज करू नका, एरर देऊन थांबा. कचरा छापण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

दूधवाला_कोडर (सोम, १०:०५)

नाना, पैज जिंकलात. '१४' चक्क आकड्यात लिहिलंय, वर कमेंट: "हे नंतर नीट करू".

नीरजा_पी (सोम, १०:३१)

ती कमेंट भारतातल्या प्रत्येक कोडबेसमध्ये असते. :)

विंडोजच्या लूपबॅकबद्दल. त्या पीसीवर जुनं विनपीकॅप (लिबपीकॅपचा विंडोजवरचा अवतार) आहे का बघा. त्याची शेवटची आवृत्ती ४.१.३, २०१३ ची, आणि त्याला लूपबॅक दिसतच नाही. विंडोजमध्ये १२७.०.०.१ चा माल नेटवर्क कार्डाच्या थरापर्यंत उतरतच नाही, आणि विनपीकॅप बसायचं तिथंच. आता एनपीकॅप वापरतात, एनमॅपवाल्यांचं. त्याच्या लूपबॅकला विंडोजच्या फिल्टरिंग प्लॅटफॉर्ममधून वेगळी वाट काढलेली आहे आणि यादीत तो स्वतंत्र अडॅप्टर म्हणून दिसतो. हेडर तिथंही मॅकसारखं ४ बाइटचं, तेव्हा नानांचा उपाय तिथंही लागू.

एक खड्डा मात्र आहे, मी त्यात दोन दिवस पडले होते. एनपीकॅप आपले डीएलएल (लायब्ररीच्या फाइली) सिस्टिम३२ च्या आत 'एनपीकॅप' नावाच्या पोटफोल्डरात ठेवतं. विनपीकॅप थेट सिस्टिम३२ मध्ये ठेवायचं. दोन्ही असतील तर तुमचा प्रोग्राम मुकाट्यानं जुनंच उचलतो आणि आपण "एनपीकॅप टाकलं तरी लूपबॅक नाही" म्हणून डोकं आपटतो. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच डीएलएल शोधायचा फोल्डर सांगायचा, किंवा आधी जुनं विनपीकॅप काढून टाकायचं.

इंटरफेसच्या लांब नावांत कंसातला तो जीयूआयडी, म्हणजे विंडोजनं दिलेला ओळख-क्रमांक असतो. माणसाला दाखवायला नाव वापरूच नका, 'डिस्क्रिप्शन' वापरा. आणि सेटिंगमध्ये नाव साठवण्यापेक्षा त्या कार्डाच्या आयपी पत्त्यावरून शोधा. ते तिन्हीकडं चालतं.

चकली_भाजणी (सोम, १०:४०)

हे सगळं करताना "प्रॉमिस्क्युअस मोड" (दुसऱ्यांची पॅकेटंही उचलायची तो) चालू ठेवायचा असतो ना? आणि त्याला मराठीत काय म्हणायचं?

पाकीटमार (सोम, १०:४२)

चोंबडा मोड.

कळसूबाई (सोम, १०:४४)

शेजारीण मोड.

नीरजा_पी (सोम, १०:४७)

कळसूबाई, शेजाऱ्यांवर अन्याय नको. चोंबडा मोड मंजूर.

चकली, इथं गरज नाही. डब्याचा माल त्याच पीसीच्या पत्त्यावर येतोय. आणि स्विच असला की चोंबडेपणा करून फारसं मिळतही नाही, कारण दुसऱ्याचा माल स्विच तुमच्या तारेवर पाठवतच नाही. हब सगळ्यांचा माल सगळ्यांना पाठवायचा, त्या जमान्यात ते चालायचं. लिनक्सच्या 'एनी'वर तर तो मोड लागतच नाही.

जुना_सिसॅडमिन (सोम, ११:१५)

हबचा विषय निघाला म्हणून. मी नव्वदच्या दशकात फोर्टात एका दलालाच्या ऑफिसात सोलारिस सांभाळायचो. तिथं टीसीपीडंप नव्हतं, 'स्नूप' होतं. त्याची फाइलपद्धत इतकी वेगळी की तिच्यावर १९९५ साली आरएफसी १७६१ (इंटरनेटवाल्यांचा जाहीर तांत्रिक कागद) निघाला. एआयएक्सवर 'आयपीट्रेस', एचपी-यूएक्सवर 'नेटटीएल'. प्रत्येक कंपनीचं आपलं घोडं. आजच्या पोरांना तीन ओएसचा वैताग येतो, आम्हाला तीन ओएस म्हणजे सोमवार सकाळ.

खरी सोय झाली ती बर्कलीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांमुळं. मॅककॅन आणि जेकबसन यांनी १९९३ च्या हिवाळी युझनिक्स परिषदेत बीपीएफचा (बर्कली पॅकेट फिल्टर) निबंध वाचला. कल्पना साधी: सगळी पॅकेटं प्रोग्रामकडं उचलून आणून मग चाळू नका, चाळणी कर्नलमध्येच बसवा आणि हवं तेवढंच वर आणा. टीसीपीडंपला आपण "पोर्ट ५०००" म्हणतो त्याचा छोटासा प्रोग्राम होऊन तो कर्नलमध्ये चालतो. त्यावर लिबपीकॅप नावाचं आवरण आलं, म्हणून आज दूधवाल्यांना एकच कोड घेऊन तीन ठिकाणी रडता तरी येतंय. आधी तीन कोड घेऊन रडले असते.

दूधवाला_कोडर (सोम, ११:३०)

काका, हे आवडलं. ऑफिसात भिंतीवर लावतो.

आणखी एक. उबुंटूवर दर वेळी सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) लागतं. सेटकॅपनं परवानगी दिली तरी दुसऱ्या दिवशी गायब. भूत आहे काय?

नीरजा_पी (सोम, ११:४१)

भूत नाही, तुमचा कंपायलर. ती परवानगी ('नेट रॉ' कॅपॅबिलिटी) फाइलीला चिकटलेली असते. नव्यानं बिल्ड केलं की नवी फाइल, कोरी. बिल्ड स्क्रिप्टच्या शेवटी सेटकॅप टाका.

मॅकवर परवानगी प्रोग्रामला नसते, '/डेव्ह/बीपीएफ' च्या फाइलींना असते, आणि त्या रीबूटनंतर पुन्हा पहिल्यासारख्या होतात. वायरशार्कसोबत (पॅकेटं पकडून वाचायचं टूल) 'सीएचमॉडबीपीएफ' येतं ते दर वेळी मशीन सुरू होताना त्या परवानग्या परत लावतं, तेच टाकून द्या. विंडोजवर उलटंच: एनपीकॅप टाकताना "फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला" ही खूण केली नाही तर त्या पीसीवरचा कुणीही पकडू शकतो. केंद्रावर सगळा गाव बसत असणार, तेव्हा खूण करा.

कळसूबाई (मंगळ, सकाळी ७:५०)

रात्रीत चांगलाच पळाला की धागा. मी थोडी वेगळी बाजू मांडते, राग मानू नका.

तुम्ही हे टूल लिहिताच कशाला?

वायरशार्कसोबत डंपकॅप नावाचा छोटा प्रोग्राम येतो. तो पॅकेट उघडून बघतच नाही, फक्त पकडतो आणि फाइलीत टाकतो. तिन्ही ओएसवर तोच, पर्याय तेच. फाइली गोल फिरवायला सांगा: ५० एमबीच्या वीस फाइली, भरल्या की सर्वांत जुनी पुसून पुढं. एक जीबीच्या वर जात नाही. पोर्टाचा फिल्टर लावलात तर दुधाच्या आकड्यांना महिनाभर पुरेल. उघडून अर्थ लावायचं काम नंतर, तुमच्या ऑफिसात, एकाच मशीनवर टीशार्कनं (वायरशार्कचं कमांडवरचं भावंड). तीन ओएसवर चालणारं डोकं लागतच नाही मग, डोकं एकाच ठिकाणी ठेवायचं.

लायसन्सही बघा. एनपीकॅपची फुकट प्रत पाच मशीनपुरती आहे. तुमच्या टूलसोबत पन्नास केंद्रांवर टाकायची तर पैसे मोजून ओईएम आवृत्ती घ्यावी लागेल. फक्त वायरशार्क किंवा एनमॅपसाठी टाकलेली प्रत मात्र त्या पाचात धरत नाहीत.

दूधवाला_कोडर (मंगळ, ८:३५)

राग कसला ताई. पण सचिवांना "फाइल पाठवा" म्हणालो की ते पडद्याचा फोटो पाठवतात. माझं टूल दोन ओळीचा अहवाल थेट मला धाडणार होतं. आणि खरं सांगू का, दोनशे ओळी लिहिल्यात, टाकवत नाहीत.

कळसूबाई (मंगळ, ८:४१)

हं, हे शेवटचं कारण खरं. आधीचं नुसतं वकिली.

नाना_सॅनहोजे (मंगळ, ९:०२)

कळसूबाईंशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के असहमत, कारण दोनशे ओळी लिहिल्या म्हणून त्यांना १४ चं गुपित कळलं. टीशार्कनं ते लपवूनच ठेवलं असतं.

डंपकॅप वापरलंत तर एक लक्षात ठेवा. कार्ड आणि लूपबॅक दोन्ही एकाच वेळी पकडायला सांगितलं की फाइल पीकॅपएनजीमध्ये जाते, कारण जुन्या पीकॅप फाइलीत हेडरचा प्रकार फाइलीमागं एकच असतो, पीकॅपएनजीत प्रत्येक इंटरफेसचा आपापला. पण तुमचं लिबपीकॅपचं टूल ती मिश्र फाइल उघडायला नकार देईल, त्याला एका फाइलीत एकच प्रकार चालतो. टीशार्कला चालते. तेव्हा "डंपकॅपनं पकडीन आणि माझ्या टूलनं वाचीन" असा मधला मार्ग काढणार असाल तर दोन वेगळ्या फाइली घ्या.

आणि टूल ठेवणारच असाल तर टाइमआउट शून्य देऊ नका. शून्य म्हणजे "लगेच दे" असं वाटतं, पण काही ठिकाणी त्याचा अर्थ "बफर भरेपर्यंत थांब" असा होतो. दुधाच्या आकड्यांनी बफर भरायला दिवाळी येईल. लगेच हवं असेल तर 'इमिजिएट मोड' वेगळा मागा.

उद्योगी_८१ (मंगळ, ९:२०)

थोडं अवांतर. माझ्याकडं विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) आहे, त्यात टीसीपीडंप लावलं तर विंडोजचा काहीच माल दिसत नाही. दूधवाल्यांनी तसं केलं तर एनपीकॅपच नको ना?

नाना_सॅनहोजे (मंगळ, ९:३१)

नाही चालणार. डब्ल्यूएसएल-२ म्हणजे आत एक वेगळं मशीन आहे, त्याला स्वतःचं आभासी कार्ड. तुम्ही त्या कार्डावर उभे आहात, घराबाहेरच्या रस्त्यावर नाही. मॅकवर डॉकरचंही तसंच. कंटेनर एका लपलेल्या लिनक्समध्ये असतो, मॅकच्या कार्डावर उभं राहून कंटेनरांचं आपसातलं बोलणं ऐकू येत नाही. तिथं पकडायचं तर कंटेनरच्या नेटवर्कमध्ये शिरूनच.

तिरफळ (मंगळ, ९:४०)

आणि फोनवर? अँड्रॉइड रूट न करता?

नीरजा_पी (मंगळ, ९:४४)

पीकॅपड्रॉइड. ते व्हीपीएनचं सोंग घेऊन फोनचा माल स्वतःतून जाऊ देतं. आयफोनला मॅक लागतो: केबल जोडून 'आरव्हीआयसीटीएल' म्हटलं की मॅकवर 'आरव्हीआय०' नावाचा इंटरफेस उगवतो.

गोंयकार_बाब (मंगळ, ११:०५)

मी तांत्रिक माणूस नव्हे. म्हापशाला आमच्या सोसायटीत एकच वायफाय सगळ्यांना आहे, आणि सेक्रेटरीचा मुलगा "मी सगळ्यांचं बघू शकतो" म्हणून मिरवतो. हे कायद्यात बसतं का?

जुना_सिसॅडमिन (मंगळ, ११:३०)

बाब, मुलगा बहुतेक थापा मारतोय. साध्या मोडमध्ये त्याच्या लॅपटॉपला त्याचाच माल दिसतो. हवेतलं सगळं पकडायला मॉनिटर मोड लागतो, विंडोजवर तो चालणारं कार्ड मिळता मिळत नाही, आणि पकडलं तरी आतलं बहुतेक सगळं एचटीटीपीएसमुळं बंद पाकिटात.

पण कायदा थापेला नाही, कृतीला लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३: मालकाच्या किंवा प्रमुखाच्या परवानगीविना नेटवर्कमधून माहिती उतरवून घेणं. तेच लबाडीनं केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दूधवाले, तुम्हीही संस्थेकडून एका कागदावर लेखी घ्या. सभासदांची नावं आणि पैशांचे आकडे आहेत त्यात.

दूधवाला_कोडर (मंगळ, ११:५२)

काका, घेतो. चेअरमन सही करतात, फक्त चहाला थांबावं लागतं.

तिरफळ (मंगळ, दुपारी १:१०)

कुणीतरी "मायनस आय एनी मायनस डब्ल्यू" असं काही पूर्ण लिहून द्या ना. कमांडी देवनागरीत वाचून मला कीर्तनाला बसल्यासारखं वाटतंय.

पाकीटमार (मंगळ, १:१४)

जय जय राम कृष्ण हरी, मायनस सी शंभर.

दूधवाला_कोडर (शुक्र, सकाळी १०:२०)

मंडळी, ताजा कलम.

कळसूबाईंचं ऐकलं. बुधवारी केंद्रावर जाऊन जुनं विनपीकॅप काढलं, वायरशार्क टाकलं, डंपकॅप चालू करून आलो. गुरुवारी सकाळी घोळ झाला. आनंदानं फाइल उघडली, तर तिच्यात पहिल्या पंधरा मिनिटांचं काहीच नाही! कारण डंपकॅप मी 'स्टार्टअप'मध्ये टाकलेलं, ते सचिवांनी लॉगिन केल्यावरच सुरू होतं, आणि सचिव त्या दिवशी आधी माप घेत बसलेले. मग दूरवरून टास्क शेड्युलरमध्ये "मशीन सुरू होताच" असं लावलं.

आज सकाळी परत घोळ, आणि आज पकडला. पहिल्या आकड्याच्या वेळेपासून डब्याकडून सिन (जोडणी मागणारं पॅकेट). उत्तर नाही. परत सिन. उत्तर नाही. असं अकरा मिनिटं. मग अचानक सिन-अ‍ॅक (पीसीचा होकार), आणि पुढं सगळं छान. लूपबॅकवर काहीच चुकीचं नाही. म्हणजे डबा निर्दोष, पडदा निर्दोष, सर्व्हिस झोपलेली. बरोबर ना? पण सर्व्हिसच्या लॉगमध्ये ती पहिल्या मिनिटापासून पोर्टावर कान लावून बसल्याचं लिहिलंय.

उद्योगी_८१ (शुक्र, १०:३३)

सर्व्हिस खोटं बोलतेय. ऐकत असती तर सिन-अ‍ॅक गेला असता. पॅकेट पीसीपर्यंत आलंय हे दिसतंयच की.

नाना_सॅनहोजे (शुक्र, १०:५०)

थांबा. "पीसीपर्यंत आलं" आणि "सर्व्हिसपर्यंत आलं" यांत फायरवॉल आहे.

येणारं पॅकेट एनपीकॅपला दिसतं ते विंडोज फायरवॉलच्या आधी. लिनक्सवरही तसंच, टीसीपीडंपला येणारा माल आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) आधी दिसतो आणि जाणारा नंतर. त्यामुळं फायरवॉलनं टाकून दिलेलं पॅकेटही कॅप्चरमध्ये रुबाबात उभं असतं. फाटकावरच्या रजिस्टरात नोंद आहे, पण घरात कुणी आलंच नाही.

उद्योगी_८१ (शुक्र, १०:५८)

पण फायरवॉल नसती आणि सर्व्हिस ऐकत नसती तर रीसेट (जोडणीला नकार) आला असता ना? इथं रीसेट नाही म्हणजे नक्की फायरवॉल?

नीरजा_पी (शुक्र, ११:०६)

लिनक्सवर असता तर हो म्हटलं असतं. विंडोजच्या फायरवॉलला 'स्टेल्थ' आहे. पोर्टावर कुणी ऐकत नसेल तरीही ती रीसेट बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळं विंडोजवर शांतता म्हणजे दोन्हीपैकी काहीही. म्हणजे कॅप्चरचं वाचनसुद्धा ओएसप्रमाणे बदलतं, नुसतं पकडणं नाही.

पुरावा हवा असेल तर विंडोज १० मध्येच (१८०९ पासून) 'पीकेटीमॉन' आहे. तो एका जागी उभा राहत नाही, नेटवर्कच्या थरांमधून पॅकेट कसं वर चढलं ते दाखवतो, आणि कुठं पडलं तेही कारणासकट. तोही मशीन सुरू होताच लावा. लॉग नंतर पीकॅपएनजीत बदलता येतो.

कळसूबाई (शुक्र, ११:१५)

एक प्रश्न. अकरा मिनिटांनी आपोआप बरं का होतं? फायरवॉलला कुणी उठवत नाही. त्या दिवशी लाइट गेली होती का?

दूधवाला_कोडर (शुक्र, ११:१९)

ताई, आमच्याकडं "लाइट गेली होती का" हा प्रश्न नसतो, "आली होती का" असतो. पण सचिवांना विचारतो.

चकली_भाजणी (शुक्र, ११:४०)

मला अर्धंच कळतंय पण मी सगळी कामं सोडून बसलेय. पुढचा भाग कधी?

दूधवाला_कोडर (रवि, रात्री ८:४५)

सापडलं.

ज्या ज्या दिवशी घोळ, त्या त्या दिवशी पहाटे लाइट गेलेली. बायोसमध्ये "लाइट आली की आपोआप सुरू" लावलेलं आहे, एसएसडीमुळं पीसी अर्ध्या मिनिटात तयार. डबा त्याहून लवकर तयार. पण राउटर वेगळ्या खोलीत, संस्थेच्या कार्यालयात, आणि तिथलं बटण शिपाईमामा आल्यावर दाबतात! पीसी आणि डबा एका छोट्या स्विचवर आहेत, पत्ते ठरलेले, त्यामुळं दोघांना एकमेकांशी बोलायला राउटर लागतच नाही. म्हणून माझ्या डोक्यात राउटर कधी आलाच नाही.

विंडोज मात्र नेटवर्क ओळखतं ते गेटवेवरून, म्हणजे राउटरवरून. गेटवे बंद, म्हणून "अनोळखी नेटवर्क", म्हणून 'पब्लिक' प्रोफाइल. आणि फायरवॉलमध्ये पोर्ट ५००० उघडायचा नियम आमच्याच इन्स्टॉलरनं फक्त 'प्रायव्हेट' प्रोफाइलपुरता घातलेला. मामा आले, राउटर लागला, नेटवर्क ओळखीचं झालं, नियम लागू, सिन-अ‍ॅक. शनिवारी पीकेटीमॉनच्या लॉगमध्ये ड्रॉप स्पष्ट दिसला. मग मुद्दाम राउटर बंद ठेवून पीसी सुरू केला, पहिल्या फटक्यात घोळ.

नियम आता तिन्ही प्रोफाइलना लावलाय, पण फक्त त्या डब्याच्या आयपीकडून आलं तरच. इन्स्टॉलरमध्येही बदल केला. तो नियम लिहिणारा आतेभाऊ आज जेवायला आला नाही.

मूळ प्रश्नाबद्दल: पकडायला सगळीकडं डंपकॅप, वाचायला ऑफिसात टीशार्क. माझ्या टूलमध्ये १४ च्या जागी डेटालिंक विचारून घेतलं, 'एनी', मॅक आणि विंडोजचं लूपबॅक तिन्ही आता नीट वाचतं. केंद्रांवर टाकणार नाही, पण पुसणारही नाही.

कळसूबाई (रवि, ८:५२)

:) ठेवा की. जागा किती खातंय!

जुना_सिसॅडमिन (रवि, ९:१०)

शिपाईमामांना राउटरच्या बटणाचं काही सांगितलं का?

दूधवाला_कोडर (रवि, ९:१४)

नाही. ते म्हणतात रात्रभर चालू ठेवलं तर बिल येतं.

सांगलीकर_३३ (रवि, १०:०२)

आत्ताच धागा वाचला. आमच्याकडंही असंच होतं, पण आमचा डबा यूडीपीवर पाठवतो, त्यात सिन-बिन काही नाही. मग पडलं की पोचलं हे कॅप्चरमध्ये कसं ओळखायचं?

नाना_सॅनहोजे (रवि, १०:१५)

डब्याला उत्तर पाठवायची सोय आहे का, आणि पीसीवर विंडोज कुठलं? नवा धागा काढा, इथं म्हशी दमल्यात.